अडसर, नाका आणि कोंडी

कुंभकोणमच्या दक्षिणेस, अरसलार नदी ओलांडून काही अंतर गेले की साक्कोट्टै हे गाव लागते. अमृतकलशनाथाच्या देवळामुळे भाविकांना ते परिचित आहे, आणि प्रलयात तरंगत आलेल्या अमृतकुंभाच्या ज्या कथेवरून कुंभकोणमला नाव मिळाले तिच्याशी या देवळाचेही नाते सांगितले जाते. आपल्याला येथे अडवतो तो मात्र गावाच्या नावातील उत्तरार्ध. तमिळ ‘कोट्टै’ म्हणजे कोट, किल्ला. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. ज्या मुलखात जवळजवळ पावणेदोनशे वर्षे भोसल्यांचे राज्य होते, त्या मुलखाच्या गावागावांतून कोट आणि कोट्टै शेजारी नांदले आहेत. आश्चर्य वाटते ते निराळ्या गोष्टीचे. हा प्रदेश भाताचा आहे आणि समुद्र येथून दूर नाही. कुंभकोणमपासून ७० किलोमीटरच्या आत १८ व्या शतकात तीन परकी निशाणे फडकत होती : तरंगंबाडीस डेन्मार्कचे, कारैकाल येथे १७३९ पासून फ्रान्सचे आणि नागपट्टणम येथे १६५८ पासून हॉलंडचे. साक्कोट्टैवरून जाणारी अरसलार कारैकालपाशीच समुद्राला मिळते. येथल्या शेतात पिकलेले भात कोणाच्या पोटात जाईल, हे कधी कोटाच्या दारावर ठरे तर कधी समुद्रावर उभ्या असलेल्या जहाजांवर.

बंदराचे दार परक्याने बाहेरून लावले तर त्याला काय म्हणावे, आणि स्वतःच्या राजाने आतून लावले तर काय, हा प्रश्न वरवर कोशकाराचा वाटतो. इंग्रजीत पहिल्यास ‘ब्लॉकेड’ आणि दुसऱ्यास ‘एम्बार्गो’ म्हणतात. जर्मनमध्ये ‘ब्लोकाडे’ आणि ‘एम्बार्गो’ हे दोन्ही आहेतच, शिवाय ‘श्पेरे’ हा त्या भाषेचा घरचा शब्द आहे. मराठीत आपण या सर्वांना सरसकट ‘नाकेबंदी’ म्हणून मोकळे होतो. या सैलपणाने काय हरवते, ते पाहण्यासाठी तंजावरच्या इतिहासासारखे दुसरे ठिकाण नाही. कारण जर्मन, इंग्रज आणि मराठा हे तिघे येथे एकाच उपासमारीच्या भोवती उभे राहिलेले दिसतात.

हैदर अलीने १७८० च्या जुलैमध्ये कर्नाटकावर स्वारी केली आणि १७८१ साली तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त केला. तमिळ लोकस्मृतीत तो काळ ‘हैदर कलाबम्’ म्हणून उरला आहे. राजधानीचा किल्ला तेवढा तुळजाराजांच्या आणि इंग्रज शिबंदीच्या हाती राहिला. किल्ल्यात धान्य नव्हते. शिपाई उपाशी पडत होते, रस्त्यांवर प्रेते दिसू लागली होती. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की मुलखात धान्य अजिबात नव्हते असे नाही. ते वाहून आणणारे बैल आणि आणून देणारी माणसे नव्हती. यापूर्वी सरकारने माल घेतला आणि पैसे दिले नाहीत, म्हणून रयतेचा राजावरही विश्वास उरला नव्हता आणि इंग्रजांवरही. अखेर राजाने स्वतःच कबुली दिली की आपली सर्वांची पत गेली आहे, आता पाद्र्याची पत चालते का ते पाहावे. आणि एक कोरा कागद त्याच्या हाती दिला.

हा पाद्री म्हणजे क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ. प्रशियात १७२६ साली जन्मलेला हा जर्मन १७५० मध्ये तरंगंबाडीस उतरला. त्या मिशनची घडणच विलक्षण होती : आश्रय डेन्मार्कच्या राजाचा, माणसे हाल्ले येथील जर्मन आणि पैशाचा बराच भार इंग्रजांचा. श्वार्ट्झला तमिळ येत होते, आणि तंजावरच्या दरबारासाठी तो मराठीही शिकला होता. त्याने रयतेला पत्रे लिहिली, पैशाची हमी स्वतःच्या नावावर घेतली, आणि दोन-तीन दिवसांत सुमारे १,००० बैल जमा झाले. ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. (येथील ‘कलम’ हे तमिळ माप आहे, लेखणीच्या किंवा कायद्याच्या कलमाशी त्याचा संबंध नाही, जरी या प्रसंगी लेखणीनेच धान्य आणले हे खरे असले तरी.)

हा प्रसंग श्वार्ट्झच्या चरित्रकारांनी त्याच्या साधुत्वाचा दाखला म्हणून पुष्कळदा सांगितला आहे. त्यात मला अधिक अर्थपूर्ण वाटते ती शब्दाची अडचण. किल्ल्यातील या अवस्थेला काय नाव द्यावे? ‘वेढा’ म्हणावे तर मुख्य अडथळा मोर्च्यांचा नव्हता. तसा असता तर हजार बैल आत आले नसते. ‘नाकेबंदी’ म्हणावे तर रयतेला अडवणारा नाका दिसत नाही. ‘दुष्काळ’ म्हणावे तर धान्य मुलखात होते. मराठीत यासाठी नेमका शब्द एकच आहे, आणि तो म्हणजे ‘कोंडी’. कोण अडवतो हे सांगण्याची सक्ती या शब्दावर नाही. आत अडकलेल्या माणसाचा श्वास कसा होतो एवढेच तो सांगतो. म्हणूनच कोंडी ‘घातली’ जाते त्यापेक्षा कोंडी ‘झाली’ आणि ‘फोडली’ हे प्रयोग आपल्या तोंडी अधिक आहेत. ती फुटते तीही आत अडकलेल्यांच्या बाजूने. श्वार्ट्झने तंजावरची कोंडी फोडली, असे मराठीत सहज म्हणता येते. हेच वाक्य इंग्रजीत ‘ब्लॉकेड’ हा शब्द घालून लिहिले तर ते इतिहासाच्या दृष्टीने चुकीचे ठरेल.

आता त्या दोन युरोपीय भाषांकडे वळू. ‘ब्लॉकेड’ हा इंग्रजीत १७ व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘ब्लॉक’, म्हणजे लाकडाचा ओंडका. फ्रेंच ‘ब्लोक्यू’ हा डच भाषेतून आला, आणि त्याचा जुना अर्थ ओंडक्यांची गढी असा आहे. वेढलेल्या शहराची वाट अडवण्यासाठी जवळच अशी गढी उभारीत. मराठी लष्करी परिभाषेतला ‘दमदमा’ या कल्पनेच्या जवळ येतो. जर्मन ‘श्पेरे’ हे ‘श्पेरेन’ या क्रियापदाचे नाम. त्याच्याही मुळाशी तुळई, वासा आहे, म्हणजे दाराला लावायचा अडसरच. स्पॅनिशमधून इंग्रजीत आलेल्या ‘एम्बार्गो’च्या पोटात ‘बार’ आहे. तोही दांडा किंवा अडसर. तेव्हा समुद्रावरील हे तिन्ही थोर शब्द मुळात जमिनीवरचे आणि सुताराच्या घरातले आहेत. जहाज अडवायला निघालेल्या मनुष्याने दाराचा अडसर बरोबर नेला, यात नवल नाही. समुद्राला दार असते ही कल्पना करण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापाशी नव्हता.

मराठी मात्र वेगळ्या वाटेने गेली. ‘नाका’ हे वस्तूचे नव्हे, स्थळाचे नाव आहे : वाटा मिळतात ती जागा, जेथे चौकी बसते आणि जकात घेतली जाते. ‘नाकेबंदी’ या शब्दात अडथळ्याचे लाकूड दिसत नाही, उभा असलेला चौकीदार दिसतो. हा कारभाराचा शब्द आहे. त्याला वहिवाट आहे, हिशेब आहे, आणि ज्याला सोडायचे त्याला सोडण्याची सोय आहे. इंग्रजी आणि जर्मन शब्दांत दार एक तर उघडे असते किंवा लावलेले. नाका हा मुळातच अर्धा उघडा असतो. मराठी समुद्रनीतीचा इतिहास पाहिला तर हा शब्द योगायोगाने आला असे वाटत नाही.

शिवकाळात सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश दहा वर्गांत विभागलेला आहे. त्यात दुर्गाला स्वतंत्र वर्ग आहे, विक्रेय वस्तूंसाठी पण्यवर्ग आहे. समुद्राला मात्र स्वतंत्र वर्ग नाही. ज्या राजाने आरमार उभारले त्याच्याच कोशात ही उणीव असावी, याची खंत वाटते. ती उणीव एका पिढीनंतर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने काही अंशी भरून काढली. आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातील व्यापारी जहाजांविषयीचा विचार परिभाषेच्या दृष्टीने मननीय आहे. सावकारी जहाजांना कौल देऊन त्यांची ये-जा राखावी, त्यांना उपद्रव देऊ नये. परमुलखीचे जहाज कौलाशिवाय चालले असेल तर ते ताब्यात आणावे, पण धन्याला दिलासा द्यावा, असा त्याचा रोख आहे. येथे समुद्र बंद करण्याची भाषा नाही. समुद्रावर नाका बसवण्याची आहे.

या नाक्यावरच्या कागदाचे नाव ‘दस्तक’. कान्होजी आंग्रे यांचे दस्तक नसलेले जहाज कोकण किनाऱ्यावरून निर्धास्त जाऊ शकत नसे, आणि म्हणूनच इंग्रजांच्या कागदपत्रांत १७२९ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत व त्यानंतरही त्यांचा उल्लेख ‘चाचा’ म्हणूनच होत राहिला. परंतु ही पद्धत आंग्र्यांनी शोधली नव्हती. पोर्तुगीजांनी १६ व्या शतकापासून हिंदी जहाजांवर ‘कर्ताझ’ नावाचा परवाना लादला होता. ज्याच्यापाशी तो नाही त्याचा माल जप्त होई, आणि त्याला ते चाचेगिरी म्हणत नसत. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, इंग्रजांनी तटस्थ राष्ट्रांच्या मालासाठी ‘नॅव्हिसर्ट’ नावाचा परवाना सुरू केला. माल शत्रूकडे जाणार नाही अशी त्यांची खात्री पटली म्हणजे तो मिळे, आणि तो असला की जहाजाची वाट सुकर होई. कर्ताझ, दस्तक आणि नॅव्हिसर्ट यांत शाई आणि भाषा वेगळी आहे, कागद एकच आहे. ज्याच्या हाती समुद्र त्याचा कागद कायदा ठरतो. ज्याचा समुद्र गेला त्याच्या कागदाला इतिहासात दरोड्याचे नाव मिळते. आंग्र्यांवरील इंग्रजी ग्रंथ मराठीत आणताना आपले अनुवादक ‘चाचा’ हा शब्द जितक्या निःशंकपणे लिहितात, तितक्या निःशंकपणे तो कर्ताझ देणाऱ्यांना लावीत नाहीत, हे येथे नमूद करावेसे वाटते.

परत तंजावरला येऊ. तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या सरफोजीचे शिक्षण श्वार्ट्झच्या देखरेखीखाली झाले. १७९८ साली श्वार्ट्झ वारला, आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि मान उरला. पुढील पंधरा वर्षांत युरोपात नेपोलियनचे युद्ध चालले होते आणि ते बहुतांशी बंद दारांचे युद्ध होते. नोव्हेंबर १८०६ मध्ये बर्लिनच्या हुकुमाने नेपोलियनने इंग्लंडशी व्यापार बंद केला. ज्याचे आरमार ट्राफल्गारला बुडाले होते तो समुद्र कोंडू पाहत होता. प्रत्यक्षात तो स्वतःच्या हातातील भूमीची दारे लावीत होता. जर्मन भाषेने ही विसंगती अचूक टिपली आणि त्या व्यवस्थेला ‘कॉन्टिनेन्टालश्पेरे’, म्हणजे खंडाला लावलेला अडसर, असे नाव दिले. इंग्रजीत ‘कॉन्टिनेन्टल सिस्टिम’ हे नाव चालते. त्यात अडसर नाही, नुसती व्यवस्था आहे. १८०७ मध्ये इंग्रजांनी उलट हुकूम काढले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने स्वतःच्या जहाजांना परदेशी जाण्यास मनाई केली, आणि ‘एम्बार्गो’ हा शब्द तेथील घरोघर पोचला. दार आपले असेल तर ‘एम्बार्गो’ आणि परक्याचे असेल तर ‘ब्लॉकेड’ हा भेद त्या एका वर्षात जितका स्पष्ट झाला तितका पूर्वी नव्हता.

या युद्धाची झळ कावेरीच्या मुखाशीही लागली. तटस्थ डेन्मार्कच्या निशाणाखाली तरंगंबाडीचा व्यापार युद्धकाळात भरभराटीस येई, कारण लढणाऱ्यांचा माल तटस्थाच्या जहाजातून सुखरूप जात असे. जहाजे प्रत्यक्ष उभी नसतील तर नुसत्या जाहीरनाम्याची नाकेबंदी मानू नये, हे तत्त्व १७८० मध्ये तटस्थ राष्ट्रांनी मांडले. त्या राष्ट्रांत डेन्मार्क होते. इंग्रजांनी १८०१ मध्ये तरंगंबाडी घेतली, परत केली, आणि कोपनहेगनवर तोफा डागल्यानंतर १८०८ मध्ये पुन्हा घेऊन १८१५ पर्यंत ठेवली. जेथून तंजावरच्या राजाचा गुरू आला होता ते बंदर अशा रीतीने त्या राजाच्याच मित्रांनी ताब्यात घेतले. पट्टुक्कोट्टैच्या दक्षिणेस समुद्रकाठी सरफोजींनी बोनापार्टच्या पतनाचे स्मारक म्हणून एक षट्कोनी मनोरा बांधला, तो आजही उभा आहे आणि त्यावर अनेक भाषांतील शिलालेख आहेत. ज्याच्याकडे आरमार नव्हते, आणि ज्याच्या नावाने समुद्रावर एकही दस्तक चालत नव्हते, त्या मराठा राजाने परक्याच्या सागरी विजयाचा स्तंभ उभारावा, या गोष्टीवर आपल्या ललित लेखकांची नजर अजून पडलेली नाही.

पहिल्या महायुद्धात शब्दांची लढाई अधिक उघड झाली. ११ मार्च १९१५ च्या ब्रिटिश हुकुमाने जर्मनीत कोणताही माल जाऊ द्यायचा नाही आणि तेथून येऊ द्यायचा नाही, असे ठरवले. परंतु त्याने ‘ब्लॉकेड’ हा शब्द टाळला. कारण १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यानुसार नाकेबंदी प्रत्यक्ष व परिणामकारक असली पाहिजे, आणि शत्रूच्या बंदरांसमोर जहाजे उभी करणे पाणसुरुंगांच्या व पाणबुड्यांच्या काळात शक्य राहिले नव्हते. शब्द घेतला असता तर त्याचे नियमही घ्यावे लागले असते. गंमत अशी की १९१६ मध्ये लंडनमध्ये जे खाते स्थापन झाले त्याला ‘ब्लॉकेड’चेच नाव मिळाले. जर्मनांचे वर्तनही याच जातीचे होते. त्यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटनभोवतीचे पाणी ‘युद्धक्षेत्र’ ठरवले आणि १९१७ मध्ये ‘श्पेरगेबीट’, म्हणजे अडसराचा टापू, घोषित केला. तेथे न सांगता जहाज बुडवले जाई. बुडवणाऱ्याने स्वतःच्या कृतीला पुन्हा एकदा दाराचे, लाकडाचे, निरुपद्रवी नाव दिले होते.

स्वतःवर जे चालले होते त्याला मात्र जर्मन ‘हुंगरब्लोकाडे’ म्हणत. ‘हुंगर’ म्हणजे भूक. या जोडशब्दाने परकीय कायद्याच्या संज्ञेला घरातल्या रिकाम्या भांड्याशी बांधून टाकले. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचे पीक बुडाले आणि लोक सलगमावर जगले. तो हिवाळा त्या भाषेत सलगमाच्या नावानेच ओळखला जातो. १९१८ च्या अखेरीस जर्मन आरोग्य खात्याने या उपासमारीचे ७,६३,००० बळी मोजले. पुढील अभ्यासकांनी तो आकडा बराच खाली आणला आहे, आणि जर्मन सरकारच्या अन्नव्यवस्थेचा दोषही दाखवला आहे. तरी शब्द राहिला, आणि नंतरच्या काळात द्वेषाच्या राजकारणाने त्याचा वापरही करून घेतला. इंग्रजी ग्रंथांत ज्या प्रकरणाचे नाव ‘ब्लॉकेड’, त्याचेच जर्मन नाव ‘भुकेची कोंडी’ : दोन्ही भाषांतून मराठीत आणताना आपण दोन्हीकडे ‘नाकेबंदी’ लिहितो, आणि वाद काय होता तेच वाचकापासून लपवतो.

(तमिळ मुलखात मात्र या युद्धातून जर्मन शब्द आला तो वेगळाच. २२ सप्टेंबर १९१४ रोजी ‘एमडन’ या जर्मन जहाजाने मद्रासवर तोफा डागल्या. व्यापारी जहाजे बुडवीत फिरणारे ते जहाज त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नष्ट झाले. परंतु ‘एमडन’ हा शब्द धाडसी, बिलंदर माणसासाठी तमिळमध्ये उरला. लोकभाषेला कायद्याची संज्ञा लागत नाही, तिला माणूस लागतो.)

पुढची नावे अधिकाधिक सौम्य होत गेली. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ‘ब्लॉकेड’ हा शब्द लष्करी उपायांच्या ४२ व्या कलमात आहे. आधीच्या ४१ व्या कलमात आर्थिक संबंध पूर्णतः वा अंशतः तोडण्याची तरतूद आहे, तिला मात्र नावच नाही. ते केवळ ‘उपाय’ आहेत. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाभोवती अमेरिकन आरमार उभे राहिले तेव्हा अध्यक्ष केनेडींनी रोगप्रतिबंधाची, ‘क्वारंटाइन’ची संज्ञा वापरली. आजाऱ्याला वेगळे ठेवणे कोणाला गैर वाटेल?

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केल्यानंतर भारताने गोव्याशी असलेला व्यवहार जवळजवळ तोडला. सीमा बंद झाल्या, कॅसलरॉकवरून जाणारी आगगाडी थांबली, पैसे पाठवण्यावर निर्बंध आले. मराठी इतिहासलेखनात याला ‘आर्थिक नाकेबंदी’ म्हणतात, आणि येथे तो शब्द अक्षरशः खरा आहे : बंद झाले ते नाके, बांद्याच्या वाटेवरचे आणि घाटातले. समुद्र उघडाच होता. मुरगावच्या बंदरातून लोहखनिज जपानकडे जात राहिले आणि हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचे तांदूळ, जपानचे सिमेंट आत येत राहिले. पोर्तुगीज ‘ब्लोकेइयु’ हा शब्द ज्या सागरी कोंडीची आठवण देतो तिच्या नेमके उलट चित्र येथे होते. जहाज अडवण्याचा शब्द पणजीत होता, अडवले मात्र बैलगाडीला आणि मनिऑर्डरीला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या सहा वर्षांत सीमेपलीकडील मुलाच्या मनिऑर्डरीवर ज्यांचे घर चाले त्या गोमंतकीय कुटुंबांसाठी मात्र ती नाकेबंदी नव्हती, कोंडीच होती. आणि हे दोन शब्द एकाच वाक्यात, एकमेकांना न खोडता, लिहिण्याची सोय मराठीला आहे, ती इंग्रजीला नाही.

पारिभाषिक कोश सिद्ध करणाऱ्या मंडळींनी म्हणून ‘ब्लॉकेड’समोर एकच प्रतिशब्द छापून पुढे जाऊ नये. स्वतःच्या बंदरातील जहाजे रोखली तर ‘अटकाव’ आहे. परवाना घेऊन सोडले जात असेल तर ‘नाकेबंदी’ आहे. शत्रूचा किनारा जहाजांनी आवळला तर ‘सागरी वेढा’ म्हणण्यास हरकत नसावी. आणि आतल्या माणसाच्या तोंडून सांगायचे असेल तेव्हा ‘कोंडी’. तंजावरच्या किल्ल्यात १७८१ साली यांपैकी पहिले तिन्ही नव्हते. चौथे होते, आणि साक्कोट्टैसारख्या गावांच्या शेतांतून भात पिकत असतानाच होते.